काळ्या मखमलीवरचा उन्हाळा

४ जून, ताश-बुलाक

ही वही शाळेची आहे. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ‘फुलोरा-नोंद, इयत्ता सातवी’ असं लिहिलेलं आहे आणि पुढे सगळी पानं कोरी. निवृत्त झाले तेव्हा अशा तीन वह्या चुकून घरी आल्या. आज एक उघडली, कारण मनात आहे ते कुणाला तरी सांगायला हवं आणि घरात दुसरं कुणी नाही.

बेगाइमचा फोन आला होता. लग्नाची तारीख ठरली, तीस ऑगस्ट. मुलगा तेमिरलान मला पसंत आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अडचण वेगळीच निघाली.

“आपा, मला तुश-कियिझ हवंय,” ती म्हणाली. आपा म्हणजे मी, तिची आई.

“घेऊ की. बाजारात मशीनवर भरलेली काय सुंदर मिळतात.”

“बाजारातलं नको. तू हाताने भरलेलं हवं.”

नव्या जोडप्याच्या पलंगामागे भिंतीवर लावायचं ते भरतकाम मुलीच्या आईने भरायचं, हे खरं. पण मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शर्टाच्या गुंड्या लावण्यापलीकडे सुई धरलेली नाही. तसं तिला सांगितलं.

“मग शीक. बात्मा-आत्याकडे जा, जायलूवर. उन्हाळाभर राहा.” जायलू म्हणजे उन्हाळ्यात जनावरं नेतात ते डोंगरावरचं कुरण.

ही मुलगी लहानपणी कधी कशाचा हट्ट धरत नसे. आता सत्ताविसाव्या वर्षी धरतेय. तिला वाटतं मी घरात कंटाळते. मी मुळीच कंटाळत नाही. सकाळी खिडकीत बसते, रस्त्याने कोण गेलं ते बघते. संध्याकाळी कोण परत आलं ते बघते. काल अकरा माणसं, चार गाड्या आणि एक गाढव गेलं. गाढव परत आलं नाही.

जाणार नाही असं सांगून टाकलं.

११ जून, सारी-बेल

आले. मीठ-पीठ वर घेऊन येणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, चार तास. का आले ते विचारू नये.

बात्मा म्हणजे माझ्या नवऱ्याची, एसेनची, थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून मी तिला एजे म्हणते, म्हणजे ताई. वहीत मात्र मी ‘बात्मा’ लिहिणार आणि ‘ती’ही म्हणणार. वही काही कुणाची सासुरवाशीण नाही. बात्मा मला अजूनही ‘केलिन’ म्हणते, सूनबाई. अठ्ठावन्न वर्षांची सूनबाई.

आठ वर्षांपूर्वी एसेन गेला तेव्हा ती म्हणाली होती, केलिन, घराला कुलूप लाव आणि दर उन्हाळ्यात माझ्याबरोबर वर चल. मी म्हटलं, मला शेणाचा वास सोसत नाही. तेव्हापासून सणासुदीपुरतं बोलणं.

आज ट्रकमधून उतरले तेव्हा ती युर्ताच्या, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूच्या, दारातच उभी होती.

“आलीस? नाकाला बांधायला काही आणलंस की मी देऊ?”

“सवय होईल, एजे.”

“वासाला की मला?”

आत गेले तर माझ्यासाठी गादी घातलेली, उशीला धुतलेला अभ्रा. मी येणार हे मी स्वतः परवा संध्याकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. पेटीतून तिने चार मीटर काळी मखमल काढली, म्हणे कधीची पडून आहे. दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती, त्यावर मे महिन्याचा शिक्का. बात्माचं वय झालं. काळवेळ लक्षात राहत नाही तिच्या.

१४ जून

तुश-कियिझ सुईने भरत नाहीत, आकड्याने भरतात. लाकडी मुठीत बसवलेली, टोकाला वळवलेली बारीक सळई. मखमल चौकटीवर ताणायची, आकडा वरून खुपसायचा, खालून दोरा पकडून वर ओढायचा. कडीत कडी, कडीत कडी. बात्मा हे बोलता बोलता, चुलीकडे बघत, एका हाताने दूध ढवळत करते. मी जीभ दाताखाली धरून करते आणि दोरा तरी निसटतो.

तीन दिवसांत एक फूल झालं.

“हे काय आहे?” बात्माने विचारलं.

“पॉपी.”

“चारच पाकळ्या?”

“पॉपीला चारच असतात, एजे.”

“लग्नात मोजायला कोण बसणार आहे?”

“मी.”

तेवढ्यात ओर्मोन-बाइके घोड्यावरून आले. ओढ्यापलीकडे त्यांचं युर्त आहे. घोड्या राखतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणून बाइके, दादा. गाव मला ‘मुगालिम’ म्हणतं, बाई म्हणावं तसं, आणि तेही तेच म्हणतात. खोगिरावरूनच वाकून त्यांनी चौकटीकडे बघितलं.

“मुगालिम, रानडुकराचं पाऊल हुबेहूब उतरलंय.”

माझा चेहरा बोलला असावा, कारण मीठ मागायला आलेले, ते मीठ न घेताच गेले.

पॉपी उसवली.

१५ जून

ओर्मोन-बाइके मीठ न्यायला आले. येताना सात पॉपी आणल्या होत्या, देठासकट, ओल्या कापडात. म्हणाले, बघून काढायला बऱ्या पडतील. मी सांगितलं, पॉपी कशी असते ते मला ठाऊक आहे, हाताला ठाऊक नाही. ते म्हणाले, मग हाताला दाखवा.

दाखवल्या. देठावर केस असतात हे मी तीस वर्षं शिकवलं. बोट फिरवून बघितलं ते आज.

२१ जून

आज भांडण झालं. चांगलं कडाक्याचं.

बात्माचं म्हणणं, मेंढ्याची शिंगं, बदाम, पक्षी एवढंच तुश-कियिझवर शोभतं. तिच्या आईने तेच भरलं, आजीने तेच. माझं म्हणणं, युर्ताच्या दारातून समोरचा उतार दिसतो ना, तो भरायचा. आज बर्फाच्या कडेला पिवळी प्रिमुला आहेत, खाली पॉपी. पुढच्या आठवड्यात निळी जेन्शियन येतील, मग जिरेनियम, मग ॲस्टर. जे जसं फुलेल ते तसं डावीकडून उजवीकडे भरत जायचं. डाव्या टोकाला जून, उजव्या टोकाला ऑगस्ट. बेगाइमच्या भिंतीवर अख्खा उन्हाळा.

“गवत?” बात्मा म्हणाली. “भिंतीला गवत लावणार? गवत जनावरं खातात, केलिन.”

“गवत नाही, फुलं.”

“फुलंसुद्धा खातात.”

मग ती रुसून कोकरांकडे गेली आणि मी रुसून चौकटीपाशी बसले. दुपारी तिने न विचारता माझ्यापुढे सायीचा वाडगा ठेवला आणि म्हणाली, “कड माझी. कडेला शिंगं, वर आणि दोन्ही बाजूंना, माझ्या हातची. मधे तू तुझी शाळा भरव.”

ठरलं. मनातून घाबरले आहे. आता माघार घ्यायला जागा राहिली नाही.

२६ जून

ओर्मोन-बाइकेंनी वरच्या कड्यावरून जेन्शियन आणलं, ओल्या नमद्यात गुंडाळून. वाटेत दिसलं म्हणाले. वाट त्या कड्यावरून जात नाही. घोडी हरवली असेल बिचाऱ्यांची.

निळा दोरा तीन छटांत लागतो. माझ्याकडे दोनच आहेत.

२९ जून

ओर्मोन-बाइके सहज आले होते. खिशात निळ्या दोऱ्याची लडी निघाली. त्यांच्या बायकोच्या डब्यातली, म्हणाले. सहा वर्षं तशीच पडली होती. दोरा पडून राहिला की कुजतो, वापरा.

ओढून बघितला. कुजलेला नव्हता.

२ जुलै

तीन दिवस पाऊस. युर्तात धूर, ओल्या लोकरीचा वास आणि बात्माचं घोरणं. चौदा फुलं झाली. एकही उसवावं लागलं नाही.

९ जुलै

आज एक गोष्ट लक्षात आली आणि मी आकडा खाली ठेवून तशीच बसून राहिले. सकाळपासून भरत होते आणि मनात काहीच चाललेलं नव्हतं. एसेन नाही, शाळा नाही, बेगाइमच्या लग्नानंतर घर केवढं मोठं वाटेल ते नाही. फक्त हिरवा. या उतारावर किती हिरवे आहेत. मी अकरा मोजले आणि मग कोवळ्या गवतावरून वारा गेला तेव्हा बारावा सापडला. दोऱ्यात तो मिळत नाही, म्हणून पोपटी आणि राखाडी एकत्र धरून भरला. बात्मा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “वारा कुठे शिकलीस?”

तिने माझी स्तुती केली अशी चौतीस वर्षांतली ही पहिलीच नोंद.

ओर्मोन-बाइके हल्ली रोज येतात. सोमवारी चाकू धारेला लावून देऊ का विचारायला, मंगळवारी लावलेला चाकू द्यायला, बुधवारी तो नीट कापतो का बघायला. माणूस मदतीला फार तत्पर, पण फुलांतलं कळत नाही. आज तिसऱ्यांदा एडेलवाइस घेऊन आले.

“बाइके, हे झालंय. दोनदा झालंय.”

“असं का,” ते म्हणाले. “मग उद्या दुसरं आणतो.”

बात्मा उगीचच हसत होती. कशाला हसता विचारलं तर म्हणाली, कोकरू मजेशीर उडी मारत होतं. कोकरं तेव्हा ओढ्यावर गेली होती.

१८ जुलै

टेकडीवर चढून बेगाइमला फोन केला. फोनला आवाज फक्त तिथे मिळतो.

“आपा, तुझा वारा छान झालाय म्हणे.”

“तुला कुणी सांगितलं?”

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग म्हणाली, आवाज तुटतोय, नंतर बोलू. पण आवाज छान येत होता, तिच्यामागे कुणीतरी भांडी घासत होतं ते मला ऐकू येत होतं.

खाली येऊन बात्माला विचारलं. ती म्हणाली, मला कुठला फोन वापरता येतो. खरंच आहे. पण मग आज पीठ घेताना पिठाच्या डब्यामागे फोन चार्ज करायची वायर सापडली ती कुणाची? शेजारच्या झामिराची असेल. ती कुठेही काहीही विसरते.

२७ जुलै

जिरेनियमचा पूर आलाय. उतार जांभळा दिसतो. चौकटीवरही.

आज दुपारी दोघी भरत बसलो होतो, ती कडेची शिंगं, मी पाकळ्या, आणि मला सांगावंसं वाटलं. बेगाइमलाही कधी सांगितलेलं नाही. माझ्या आईने माझ्यासाठी तुश-कियिझ भरलं होतं. दोन हिवाळे भरत होती. त्र्याण्णवच्या थंडीत, घरात खायला काही उरलं नव्हतं तेव्हा, मी ते गावात आलेल्या एका परदेशी माणसाला दिलं, दोन पोती पिठाच्या बदल्यात. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, तो मी चुना लावून झाकला.

बात्माचा हात थांबला नाही. “माहीत आहे,” ती म्हणाली. “एसेन शोधायला गेला होता.”

“कुठे?”

“वसंतात, बिश्केकला. हॉटेलं हॉटेलं हिंडला तीन दिवस. तो माणूस देशाबाहेर गेला होता.”

मी म्हटलं, “मला तर म्हणाला होता, ट्रॅक्टरचा पट्टा आणायला जातोय.”

“आणला होता का पट्टा?”

नव्हता आणला. तीन दिवस शहरात राहून पट्ट्याविना परत आला म्हणून मी त्याला किती बोलले होते. पुढेही, दर नांगरणीला. तो एकदाही काही बोलला नाही.

रडले थोडी. मग बात्मा म्हणाली, पाकळी कोरडी ठेव, रेशमाला पाणी चालत नाही. मग हसले.

६ ऑगस्ट

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

ओर्मोन-बाइके सकाळी आले, म्हणाले पलीकडच्या घळीत रानकांदा फुललाय, अख्खी घळ गुलाबी झालीय, आणता येणार नाही, जाऊन बघावा लागेल. मखमल चौकटीवरून उतरवून दोरीवर टाकली होती, सुरकुत्या जाव्यात म्हणून. मी म्हटलं, तासाभरात येऊ. घोड्यावर बसले, वीस वर्षांनी. घळ खरोखर गुलाबी होती. हवेला कांद्याचा वास आणि मधमाश्यांचा इतका गुंजारव की आम्ही ओरडून बोलत होतो. त्यांनी खिशातून बोरसोक काढले, कणकेचे तुकडे, स्वतः तळलेले, एका बाजूने करपलेले. बसून खाल्ले. त्यांची बायको कशी गायची ते त्यांनी सांगितलं. एसेन अजिबात कसा गाऊ शकत नसे ते मी सांगितलं. तासाचे चार कधी झाले कळलं नाही.

परत आलो तेव्हा बात्मा दोरीखाली जमिनीवर बसली होती. वासराने उजवा कोपरा खाल्ला होता. हातभर. ऑगस्टसाठी ठेवलेली जागा, जुलैअखेरचं सगळं, तीन आठवड्यांचं काम, आणि बात्माची शिंगंही. उरलेली कड लाळेने चिकट झाली होती.

लग्नाला चोवीस दिवस आहेत.

मी ओर्मोन-बाइकेंना म्हटलं, “तुमच्यामुळे झालं हे.” फार वाईट आवाजात म्हटलं. ते टोपी हातात धरून उभे राहिले, मग घोड्यावर बसून गेले.

चूक त्यांची नव्हती. कपडा मी टाकला होता. आणि परत यायला मलाच घाई नव्हती, हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

८ ऑगस्ट

बात्मा म्हणते कोपरा कापून नवा तुकडा जोडायचा. काळी मखमल पाच युर्तांत कुणाकडे नाही. तिने स्वतःच्या लग्नाचं बिनबाह्यांचं मखमली जाकीट काढलं, उसवायला निघाली. मी तिचा हात धरला. ते जाकीट अंगावर घालूनच पुरायचं म्हणून तिने ठेवलंय, सगळ्यांना माहीत आहे.

“मेल्यावर मला थंडी वाजणार आहे का,” ती म्हणाली.

“मला वाजेल, एजे. बघताना.”

घेऊ दिलं नाही.

ओर्मोन-बाइके आले नाहीत.

९ ऑगस्ट

ओर्मोन-बाइके आले नाहीत. बरंच झालं, कामात व्यत्यय नाही. फक्त चाकू बोथट झालाय.

१० ऑगस्ट

सारी-बेल फार शांत आहे. इतकं की भरताना चुका होतात. बात्मा म्हणाली, दारात बसून सारखी ओढ्याकडे काय बघतेस. मी म्हटलं, उजेडासाठी बसते.

११ ऑगस्ट

आले. घोडा फेसाळलेला, टोपीपासून बुटांपर्यंत धूळ. नारीनच्या बाजारात जाऊन आले होते. खोगिराच्या पिशवीतून मखमल काढून बात्मासमोर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

बात्माने ती उजेडात धरली. “ओर्मोन, हे काळं आहे?”

“काळंच मागितलं.”

“हे निळं आहे.”

ते जवळ येऊन बघू लागले. खरोखर निळं होतं, गडद, पण निळं. “दुकानात वीज गेली होती,” ते हळूच म्हणाले.

“बाहेर उजेड होता की.”

“बाहेर आल्यावर बघितलं नाही. घोडा हाकला. परत यायची घाई होती.”

त्यांच्या वयाच्या माणसाला इतका कसनुसा चेहरा करता येतो हे मला माहीत नव्हतं. मला हसू आलं. थांबेना. बात्माही हसायला लागली, मग तेही. वासरू येऊन बघत उभं राहिलं.

हसता हसताच मला दिसलं. सूर्य कड्यामागे गेला की समोरच्या उताराचा उजवा कोपरा आधी निळा होतो. बाकी उतारावर ऊन असतं आणि तिथे संध्याकाळ झालेली असते. रोज बघत होते. जोड लपवायची नाही, संध्याकाळ तिथूनच सुरू करायची. निळ्यावर रानकांदा भरायचा, गुलाबी.

ओर्मोन-बाइकेंना म्हटलं, “त्या दिवशी मी चुकीचं बोलले.” ते म्हणाले, चाकू द्या, धार गेली असेल.

१९ ऑगस्ट

पहाटेपासून उजेड असेतो काम. झामिरा आणि पलीकडच्या युर्तांतल्या दोघी येऊन बसतात. झामिराने एक ॲस्टर भरलं, पाकळ्या मोजल्या नाहीत. मीही मोजल्या नाहीत. बात्मा म्हणाली, आजारी आहेस का.

बोटं सुजलीत. इतकी आनंदात मी कधी होते आठवत नाही. बेगाइम झाली तेव्हा असेन, पण तेव्हा झोप फार येत होती.

२४ ऑगस्ट

झालं. शेवटची कडी बात्माने अडकवली. सगळं दारासमोर पसरून आम्ही पाच बायका भोवती उभ्या राहिलो. एकेचाळीस प्रकारची फुलं. चिठ्ठी लावायची गरज नाही, सातवीतली कुठलीही मुलगी ओळखेल.

आता भीती वाटतेय. तेमिरलानची आई शाइरकुल स्वतः भरतकामात नावाजलेली. ती काय म्हणेल.

३१ ऑगस्ट, अत-बाशी

काल लग्न झालं. सगळं लिहिणं अशक्य आहे, तेवढं एक लिहिते.

बायकांनी तुश-कियिझ भिंतीवर चढवलं तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कडेला शिंगं आणि मधे एवढं मोकळं कुरण, असं कुणी बघितलं नव्हतं. शाइरकुल पुढे आली. चष्मा लावला. जूनपासून ऑगस्टपर्यंत चालत गेली, अगदी हळू. निळ्या कोपऱ्यापाशी थांबली, जोडलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “जरा उलटी बाजू बघू.”

उलटी बाजू मी कुणाला दाखवली नसती. तिने कड उचलली. डावीकडे गाठी, गुंते, लोंबणारे दोरे, रानडुकराने धुडगूस घातल्यासारखं. मध्यावर जरा बरं. उजवीकडे प्रत्येक ओळ सरळ, शेवटाला तर उलटसुलट ओळखू येईना.

“तुम्ही हे याच उन्हाळ्यात शिकलात?”

“हो,” मी म्हटलं. लपवायला काही उरलंच नव्हतं.

ती बेगाइमकडे वळली. “माझ्या आईने दिलेलं मागून पुढून सारखंच सुंदर आहे. ते बघून मी आयुष्यभर घाबरत आले. पोरी, तुला घाबरायचं कारण नाही. काही चुकलं की हे उचलून बघत जा.” आणि तिने मला मिठी मारली. तिच्या अंगाला पिठाचा वास येत होता.

नंतर बेगाइम मला बाजूला घेऊन गेली, पापण्यांचं काजळ सगळं गालावर.

“आपा, रागावणार नाहीस ना? मखमल मीच मे महिन्यात आत्याला पाठवली होती. तू सारखी त्या खिडकीत बसायचीस. मला सहन होईना.”

“म्हणजे तुला तुश-कियिझ नको होतं?”

“तेव्हा तू हवी होतीस. आता हेही हवंय.”

मी बात्माकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत मन लावून मांस खात होती. “आणि तुम्हाला फोन वापरता येतो, एजे?”

“थोडा,” ती म्हणाली.

बेगाइम म्हणाली, “आणखीही एक गोष्ट तुला कळलेली नाही, आपा.”

“कुठली?”

“ते सांगायचं काम माझं नाही.” आणि नवरीसारखी लाजून पळाली. लाजायचं तिने होतं की मी, ते मला अजून समजलेलं नाही.

६ सप्टेंबर, ताश-बुलाक

सगळी युर्तं खाली आली. वर पहिला बर्फ पडला. बात्मा आठवडाभर माझ्याकडे राहतेय, म्हणे तिच्या घराची चूल धुरते.

दुपारी ओर्मोन आले. कधी नव्हे ते दाढी केलेली, नवा शर्ट, त्यावर घडीच्या रेघा. बात्मा लगेच उठली.

“मी जरा गाय बघून येते,” म्हणाली आणि गेली. माझ्याकडे गाय नाही.

ते बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. मी चहा ओतला. विचारलं, “काही हवं होतं का, बाइके?”

“फुलं संपली,” ते म्हणाले.

“हो. आता मेपर्यंत काही नाही.”

“तेच. मीठ भरपूर आहे माझ्याकडे. चाकूला धार आहे. घोडी एकही हरवलेली नाही, मुगालिम, या उन्हाळ्यात एकसुद्धा हरवली नव्हती.” ते थांबले. “एडेलवाइस मला ओळखू येतं. पहिल्यापासून येतं. आता काय निमित्त काढून येऊ ते सुचत नाही, म्हणून विचारायला आलो.”

माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी किती वेळ धरून उभी होते माहीत नाही. तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, नीट निरीक्षण करा, उत्तर डोळ्यांसमोर असतं.

“एजेंना काय वाटेल,” मी म्हटलं. माझ्या नवऱ्याची बहीण आहे ती.

“तिने जूनमध्येच सांगितलं मला. म्हणाली, ती हुशार आहे पण तिला वेळ लागतो, तू येत राहा.”

बाहेर खिडकीखाली कुणीतरी खोकलं. गाय असावी.

मी किटली ठेवली. “तुम्ही येत जा, बाइके,” मी म्हटलं.

“ते बाइके नको आता.”

“बरं. येत जा. पण येताना निमित्त आणू नका.”

९ सप्टेंबर

ओर्मोन आले. हात रिकामे होते. दिवेलागणीपर्यंत बसले.